समाधीला लागलेलं पाणी

खड्डा कंबरेएवढा झाला आणि त्याला पाणी लागलं, हे रुद्राणीला आल्याबरोबर सांगायची कुणाची छाती झाली नाही.

रात्री दहाला विरेशचा, तिच्या धाकट्या भावाचा, फोन आला होता. सकाळी मानवतहून पहिल्या गाडीनं ती परभणीला आली, तिथून पालमच्या गाडीत बसली आणि फाट्यावर उतरून कुणाच्या तरी मोटारसायकलवर माहेरच्या शेतातल्या घरी पोचली, तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते. ओसरीवर धोंडप्पा चौरंगावर बसलेले होते. लिंगायताचा माणूस मेल्यावरही आडवा होत नाही. भिंतीला पाठ, मांडी घातलेली, कपाळभर विभूती, गळ्यात झेंडूचा हार, डाव्या तळहातावर जन्मभर पुजलेलं लिंग. मान कलू नये म्हणून पांढऱ्या पट्टीनं डोकं मागच्या खुंटीला बांधलं होतं. ऐंशी वर्षांचा हा माणूस जिवंतपणी याच ओसरीवर, याच भिंतीला टेकून, सगळ्या गावाला न विचारता सल्ले देत आला होता.

रुद्राणी पायावर पडून पोटभर रडली. मग उठली, पदरानं नाक पुसलं आणि थोरल्या लेकीच्या आवाजात विचारलं, "जागा झाली का तयार?"

ओसरीवरच्या बायका एकमेकींकडं बघू लागल्या. एरवी या घरात भाजीत मीठ किती घालावं यावरही चार जणांची पाच मतं असायची.

"अनुपमा, मी काय इचारायलेय?"

अनुपमा म्हणजे विरेशची बायको. हातातली कळशी खाली ठेवून ती हळू आवाजात म्हणाली, "अक्का, खड्ड्याला पानी लागलंय. सकाळपासून उपसायलेत."

रुद्राणी तशीच अनवाणी निघाली.

महादेवीची, त्यांच्या आईची, समाधी घरापासून दोनशे पावलांवर, शेताच्या खालच्या अंगाला होती. अकरा वर्षांपूर्वी तिला तिथं बसवली, वर सिमेंटचा ओटा केला, आणि ओट्याच्या उजवीकडची जागा धोंडप्पांनी स्वतःसाठी राखून ठेवली. त्या तुकड्यात ते कुणाला हरभऱ्याचा दाणासुद्धा टाकू द्यायचे नाहीत. दिवाळीत रुद्राणी आली होती तेव्हा अंथरुणावरून त्यांनी तिचा हात धरला होता. "मला तिच्यापाशीच बसव बरं, रुद्रा." तिनं त्यांच्या गळ्यातल्या लिंगाला हात लावून हो म्हटलं होतं. त्याला पुरता दीड महिनाही झाला नव्हता.

खड्डा रीतीनं आखलेला होता. धोंडप्पांच्या पावलाचं माप सुतळीला गाठ मारून घेतलेलं, तशी नऊ पावलं लांबी, पाच पावलं रुंदी. एका बाजूनं उतरायला पायऱ्या, समोरच्या भिंतीत त्यांना बसवायचा कोनाडा. काळी माती संपून मुरूम लागला होता आणि त्या मुरुमातून चारी बाजूंनी पाणी झिरपत होतं. गुडघाभर साचलं होतं. स्वच्छ आणि गार. दुसरा कुठला प्रसंग असता तर विरेशनं नारळ फोडला असता.

मोटार लावून दोनदा उपसून झालं होतं. दुसऱ्या खेपेला ओल्या कोनाड्याचं छत खचून आत पडलं. विरेश पँट गुडघ्यापर्यंत दुमडून चिखलात उभा होता. बहिणीला बघून त्याला रडू फुटलं, पण तिनं त्याला रडू दिलं नाही.

"कुठलं पानी हे?"

त्यानं वरच्या बांधाकडं मान वळवली. विचारायची गरजही नव्हती. वर शंभर पावलांवर विरेशचं तळं तुडुंब भरलेलं होतं. तीन वर्षांपूर्वी त्यानं ते खोदलं. वरच्या अंगाला चुलतभाऊ बसवेश्वरचं रान, तिथल्या उतारावरून वाहून जाणारं पावसाचं पाणी चर काढून तळ्यात घेतलं. बाकीचे लोक तळ्याला प्लास्टिकचा कागद अंथरतात, यानं मुद्दाम अंथरला नाही. पाणी मुरुमात मुरावं, खाली विहिरीला उतरावं, असा त्याचा हिशेब. आणि तो बरोबर निघाला. जी विहीर संक्रांतीला तळ दाखवायची ती चैत्रातही पाणी देऊ लागली. तीनशे मोसंबीची झाडं लागली. टँकरमागं घागरी घेऊन पळायचं अनुपमाचं काम सुटलं. पाहुणेरावळे येऊन तळं बघून जायचे आणि धोंडप्पा त्यांना स्वतः काठी टेकत हिंडवायचे. फक्त वर तळं, खाली विहीर आणि दोघांच्या बरोबर मधे समाधी, पाणी जाणार ते इथूनच, एवढी साधी गोष्ट सोळा माणसांच्या या खानदानात एकालाही सुचली नव्हती.

लिंबाखाली गावातली तीसचाळीस माणसं बसलेली होती. क्रियेसाठी आलेले स्वामी बाजेवर बसून होते. ते म्हणाले, "पान्यात बसवता येत न्हाई, माय. कोरडी जागा पायजे. आनि दिवस मावळायच्या आत झालं पायजे."

"तळ्याचा कागद मिळतोय पालमला," जेसीबीवाला दत्तराव म्हणाला. "खाली अंथरला तर?" त्यानं ते मनापासूनच सुचवलं होतं. पण कुणी त्याच्याकडं बघितलं नाही, तेव्हा त्याचं त्यालाच उमगलं आणि तो तंबाखू चोळत बसला.

रुद्राणीनं एकदा आईच्या ओट्याकडं बघितलं, एकदा वरच्या बांधाकडं.

"विरेश, तळं फोड."

"अक्का..."

"फोड म्हनते ना."

"तीनशे झाडं हायेत, अक्का. उन्हाळा हाय म्होरं. पाऊस आता जूनलाच."

"झाडं आनिक लावता येतेत. बाप आनिक कुठून आनू?"

विरेशनं लोकांकडं बघितलं. असल्या वेळी लोक जसं करतात तसंच त्यांनी केलं, सगळे जमिनीकडं बघू लागले. बोलली ती अनुपमा. ती केव्हा मागं येऊन उभी राहिली होती ते रुद्राणीला कळलंही नव्हतं.

"अक्का, तळं फोडून आज उपेग न्हाई व्हायचा. हे मुरुमात मुरलेलं पानी हाय. मागल्या उन्हाळ्यात तळं कोरडं पडलं, तरी म्हैनाभर हिरीला पाझर व्हता. मी रोज दोरी सोडून बगितलंय, गाठी मारून. बोटबोट उतरायचं."

"तुला कुनी इचारलं?"

"इचारलं न्हाई. पन तळं बी जाईल आनि..."

"तुला हिरीची फिकीर हाय, बापाची न्हाई. तुजा बाप न्हाई तो."

हे बोलायला नको होतं. बारा वर्षं धोंडप्पांचं जेवणखाण, औषधपाणी अनुपमानं केलं होतं आणि शेवटचा महिना तर हगणंमुतणंही. रुद्राणीला ते ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच कदाचित ती जास्त जोरात बोलली.

अनुपमाचा चेहरा लाल झाला. तरी ती म्हणाली, "अप्पाच म्हनले व्हते मला. दसऱ्याच्या आदी. हिरीच्या काठावर बसले व्हते. म्हनले, अनू, तिथं पानी लागंल बरं का. लागलं तर मला कुठं बी बसवा, पन तळ्याला हात लावू नका."

लिंबाखाली कुजबुज झाली. रुद्राणीनं आवाज चढवला.

"मेलेल्या मानसाच्या तोंडात शबूद घालू नको. मला दिवाळीत त्यांनी लिंगाला हात लावून आन घ्यायला लावली. कोन खरं मग, तू का मी? बोल की."

तीस पुरुषांसमोर नणंदेला खोटं कोण म्हणणार? अनुपमानं पदर सारखा केला आणि ती घराकडं वळली.

तेवढ्यात बसवेश्वर पुढं झाला. त्याच्या आणि या घराच्या मधे बांधावरून पंधरा वर्षं कोर्ट चाललं होतं. इथल्या कुठल्या गोष्टीला त्यानं कधी बरं म्हटलेलं रुद्राणीला आठवत नव्हतं. पण आज तो घसा साफ करून म्हणाला, "रुद्रा खरं बोलायलीय. इतके लोक बसलेत, काका ओसरीवर ताटकळलेत. घरची इज्जत हाय का न्हाई?"

रुद्राणीला इतका आधार वाटला की तिचे डोळे भरून आले. रक्ताचा माणूस शेवटी रक्ताचाच, असं तिला वाटलं. आजूबाजूला कोरडं रान म्हटलं तर ते वर बसवेश्वरचंच होतं, आणि तळं फोडूनही खड्डा कोरडा झाला नाही तर जागा त्यालाच मागावी लागणार होती, हा विचार त्या घडीला तिच्या मनाला शिवलाही नाही.

"अक्का म्हनते तसं करा," विरेश दत्तरावाला म्हणाला. मग तो मोसंबीत जाऊन सगळ्यांकडं पाठ करून बसला.

दत्तरावाचा जेसीबी बांधावर चढला तेव्हा अकरा वाजले होते. आधी त्याच्या बकेटचे पाच-सहा दात मातीत रुतले, मग चिखलाचा एक मोठा लगदा निघाला आणि पाणी त्या फटीतून स्वतःच स्वतःची वाट रुंद करत सुटलं. पावसाळ्याच्या चार महिन्यांचं पाणी तासाभरात ओढ्याला लागलं. गावातली पोरं ओढ्याकडं पळाली. रुद्राणी बांधावर उभी राहून बघत होती. तिला बरं वाटलं, हे खोटं कशाला सांगा. बापाला दिलेला शब्द डोळ्यांसमोर पुरा होताना दिसत होता. नवऱ्याच्या घरी तीस वर्षांत तिच्या एका शब्दावर कुणी साधं दार लावलं नव्हतं, आणि इथं अख्खं तळं फुटलं होतं.

तळ्याच्या तळाशी नुसता काळा गाळ उरला, बगळे उतरले, तेव्हा ती खाली खड्ड्यापाशी गेली.

मोटार चालू होती. पाणी घोट्यापर्यंत आलं, मग खडखड करत मोटारीनं हवा ओढली. "झालं," कुणीतरी म्हणालं. विरेश घमेलं घेऊन आत उतरला, कोनाडा नव्यानं कोरायला लागला. पंधरा मिनिटांत त्याची टाच बुडाली. अर्ध्या तासात पोटऱ्या. परत मोटार. परत तेच. वरची ओल निथळेल, एक तास थांबू, असं स्वामी म्हणाले म्हणून एक तास थांबले. मग दोन. चारी भिंतींतून पाणी तसंच येत राहिलं, सकाळइतकंच स्वच्छ, सकाळइतकंच गार.

तीनच्या सुमाराला विरेशनं घमेलं बाहेर फेकलं.

"अक्का, तळं गेलं," तो म्हणाला. "पानी हायेच." आणि तो हसला. त्याला हसताना बघून रुद्राणीला भीती वाटली.

ओसरीवरून निरोप आला की अप्पांची मान पट्टीतून निसटायलीय, हार सुकलाय, माश्या बसायल्यात, काय ते लवकर करा. निरोप घेऊन आलेली बाई तोंडाला पदर लावून परत पळाली.

"वर जावं लागतंय आता," स्वामी म्हणाले. "उंचावर. तळ्याखालच्या सगळ्या रानात हेच पानी लागनार."

सगळ्यांनी बसवेश्वरकडं बघितलं. त्यानं टोपी काढली, झटकली, परत घातली.

"जागा देतो," तो म्हणाला. "आजा बसलाय माझ्या रानात, त्याच्या शेजारीच काकाला बसवा. माझी ना न्हाई. पन एक हाय. विरेशनं माझ्या उतारावरून जो चर काढलाय, तो मी बुजवनार. तीन वर्सं झालं माझी माती धुऊन जायलीय. मी बोललो न्हाई, काकाच्या तोंडाकडं बगून. आता काका न्हाई."

"चर बुजवला तर तळं भरंल कुठून?" विरेश म्हणाला.

"तळं हाय कुठं आता?"

त्यानं ते काही चिडून म्हटलं नाही. साध्या आवाजात म्हटलं, म्हणून ते जास्त लागलं. बांध परत घालता आला असता, एक पावसाळा गेला असता, पण तळं परत भरलं असतं. चर बुजला की ते कायमचं गेलं. हे रुद्राणीला कळलं. सकाळी याच माणसानं आपल्या बाजूनं तोंड का उघडलं होतं, तेही आता कळलं. भावाकडं बघितलं तर तो तिच्याकडंच बघत होता. स्वामी बघत होते. गाव बघत होतं. सकाळी निर्णय तिनं घेतला होता, आता दुसऱ्या कुणी घ्यावा अशी तिची फार इच्छा होती. पण सूर्य ओढ्याकडं झुकला होता आणि बाप ओसरीवर खुंटीला बांधलेला होता.

"कबूल," ती म्हणाली.

वरच्या रानात दत्तरावानं जेसीबीनंच खड्डा घेतला. यंत्रानं खणलेला खड्डा स्वामींना आवडला नाही, पण पायऱ्या आणि कोनाडा तरी हातानं करा, एवढं म्हणून ते गप्प बसले. माती कोरडी ठणठणीत होती. दिवस मावळता मावळता धोंडप्पांना खाली उतरवलं, कोनाड्यात बसवलं, बेल वाहिला, विभूतीच्या कांड्या आणि मीठ टाकलं, आणि माती लोटली. महादेवीची समाधी तिथून दिसतसुद्धा नव्हती. मधे मोसंबीच्या रांगा होत्या.

लिंगायतांत सुतक पाळत नाहीत. माणूस गेला की तो लिंगात मिळाला, मागच्यांनी कामाला लागायचं, असं धोंडप्पाच सांगायचे. तरी सकाळी उठून रुद्राणीला वाटलं की आज या घरात कुणी कामाला हात लावणार नाही. ती चहा न घेता आईच्या समाधीकडं निघाली. वर बसवेश्वरच्या रानात दोन गडी चरात माती ओढत होते. त्यानं एक दिवसही वाया घालवला नव्हता.

समाधीपाशी विरेश फावडं घेऊन उभा होता. खड्ड्यात, शेवटच्या पायरीवर, लुगडं खोचून अनुपमा उभी होती आणि बादली बुडवत होती. वर चार घागरी भरून ठेवलेल्या होत्या.

"हे काय चालवलंय?" रुद्राणी म्हणाली.

"उघडा खड्डा ठिवू नका म्हनलेत स्वामी," विरेश म्हणाला. "बुजवायला आलो तर ही ऐकंना."

अनुपमानं बादली वर ठेवली. तिच्या आवाजात राग नव्हता. रात्री कधीतरी तो संपला असावा.

"हिरीचं पानी प्यायला ठिवायचं, अक्का. जनावरं हायेत, लेकरं हायेत. तळं न्हाई म्हनल्यावर तिलाबी किती दिवस येईल? हितलं पानी झाडाला घालते. रोज चाळीस झाडं व्हतील. पाझर हाय तवर."

"किती दिवस राहील पाझर?"

"म्हैना. लय झालं तर सव्वा."

"आनि मंग?"

अनुपमानं बादली परत उचलली. मग टँकर, हे तिघांनाही माहीत होतं. रुद्राणी आईच्या ओट्यावर टेकली.

"अनुपमा, आईची आन हाय तुला. अप्पा खरंच तसं म्हनले व्हते?"

"म्हनले व्हते."

"मंग मला दिवाळीत..."

"तुमाला बी म्हनले असतील, अक्का. तुमी रडत व्हत्या म्हनून म्हनले असतील. मला पान्याची काळजी, तर मला पान्याचं बोलले. समोरच्याला जे पायजे ते बोलायचे ते." तिनं कपाळावरचा घाम मनगटानं पुसला. "मी खोटं बोलले न्हाई. तुमी बी न्हाई."

रुद्राणी रडायला लागली. काल बाप गेला म्हणून ती रडली होती, आज आपण केलेल्या गोष्टीसाठी रडली, आणि हे रडू कालच्यासारखं मोकळं होत नव्हतं. भाऊ फावड्यावर हनुवटी टेकून उभा होता. त्यानं तिला उठ म्हटलं नाही, की चूप हो म्हटलं नाही. तीनशे झाडांचा धनी काल सकाळी तो होता. बहिणीचा शब्द मोडवला नाही म्हणून आज तो हा असा उभा होता, आणि आता तो जन्मभर तिला एका शब्दानं दोष देणार नाही, हे तिला ठाऊक होतं. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर तिला सोपं गेलं असतं.

"बुजवू का, अक्का?" त्यानं विचारलं. अजूनही तिलाच विचारलं.

रुद्राणी उठली.

"फावडं ठिव," ती म्हणाली. "घागरी घेऊन जा झाडाला."

तिनं लुगडं गुडघ्यावर खोचलं आणि बापासाठी कोरलेल्या पायऱ्या उतरायला लागली. पहिली, दुसरी, तिसरी. तिसऱ्या पायरीच्या खाली पाणी होतं. ते इतकं गार होतं की तिच्या तोंडून आवाज निघाला. समोर खचलेला कोनाडा होता. तिथं धोंडप्पा बसायचे होते, पलीकडं हातभर मातीआड महादेवी. तिनं अनुपमाच्या हातातली बादली घेतली.

"तू वर हो," ती म्हणाली. "कालपासून उभी हाईस."

अनुपमा वर चढली. रुद्राणीनं बादली भरून वर दिली.

"कोनच्या झाडापासून घालायचं?"

"वरच्या वळीपासून, अक्का. ती आधी वाळती."

रुद्राणीनं मान हलवली आणि दुसरी बादली बुडवली.